पार्बताबाईचा आकडा

हे खरं आहे. खोटं वाटत असन तर वाटू द्या, मले कोनाले पटवायचं नाही.

मार्च महिना, सोमवार, सकाळचे साडेदहा. अकोल्यातलं एक हॉस्पिटल, नाव सांगत नाही. मी वर्षाली, तिथं ऑपरेशन थिएटरात मशीन सांभाळाले होती.

भुलीच्या डॉक्टरसायबांचा अभ्यास चालू होता. मणक्याच्या ऑपरेशनले पेशंटले तोंडाखाली उशी देऊन पालथं निजवतात. तवा भुलीसोबतच्या दोन औषधांपैकी कोन्तं दिलं तर मेंदूले ऑक्सिजन जास्त भेटते, हे पाहाचं होतं. कपाळाले पट्टी चिकटवायची, मशीन आकडा दाखवते. सत्तर म्हनजे बरं, पन्नासच्या खाली गेला म्हनजे धोका.

पट्टी एकदाच वापराची असते. सायेब म्हनत, स्पिरिटनं पूस अन् लाव. शी!

आदल्या सोमवारी धारणीची पार्बताबाई टेबलावर पालथी होती, तिचा आकडा अडतीसवर आला. तिले दिलेलं औषध सायबांच्या लाडाचं होतं, अमरावतीच्या परिषदेत त्याचंच गुनगान कराचं होतं. सायेब म्हनाले, पट्टी खराब आहे, सत्तर लिव. मी लिवलं.

बाई उठलीच नाही. चौथ्या दिवशी गेली.

अन् या सोमवारी टेबलावर माये सख्खे मामा. धामणगावचे खुशालराव.

पार्बताबाईले लावली होती तीच पट्टी. तिले एक पांढरा केस अन् कातडीचं सालपट चिकटून होतं. तरी पुसली अन् लावली.

मामा उताने होते. जागे. भूल अजून दिलीच नव्हती.

आकडा... अडतीस.

नवी पट्टी फोडली... अडतीस.

तीच नवी पट्टी काढून माया कपाळाले लावली. बहात्तर.

मंग मामा बोलले. आवाज मामाचाच होता...

"पोरी, तोंडाखालची उशी काढ ना. जीव कोंडून राहिला."

तोंडाखाली काहीच नव्हतं. मामा छताकडे पाहून राहिले होते.

सायेब म्हनाले, म्हातारा घाबरला, भूल द्या. मी थांबवाले पाहिजे होतं. पन थांबवलं तर कारन सांगा लागलं असतं, अन् पार्बताबाईच्या कागदावर अक्षर माहं होतं.

मी लिवाचा कागद पुढं ओढला.

ऑपरेशनभर मशीनवर अडतीस होतं. मी सत्तर लिवत गेली.

मामाने अजून डोळे उघडले नाही. मले माया हाताची किळस येते. त्या हातानं घास तोंडात जात नाही.

काल मामी बाहेर बाकावर बसून होती. तिनं विचारलं, मशीनवर तुया मामाचं सारं बरं दिसत होतं ना...

मी म्हनलं, "हो मामी. सत्तर."