शोभाबाईंचे पातेले

सोमवार, दिनांक २५ डिसेंबर २०२३, सकाळचे साडेदहा. स्थळ : वर्धा शहराच्या कडेची नालवाडी, तेथील निवृत्त संस्कृत-शिक्षक बंडोपंत यांच्या घरामागची पत्र्याची खोली, जीत हिवाळ्यात कूलर ठेवले जातात. दार आतून बंद. बाहेर थोरला मुलगा आदेश हातोडा घेऊन उभा, आणि त्याच्या मागे त्याची पत्नी प्रमोदिनी, पदर नाकाशी धरून.

"बाबा, दार उघडा! नाई तर मी कडी तोडतो!"

आत एकोणऐंशी वर्षांच्या बंडोपंतांच्या चिमटीत एक लवंग होती. ती जिथे टोचावयाची होती तिथे त्यांनी शांतपणे टोचली, आणि मगच उत्तर दिले.

"बारा वाजेपर्यंत धीर धर, आदेश. त्यानंतर तू दार तोड, भिंत तोड, वाटल्यास मला तोड!"

"ऐकलं?" आदेश बायकोकडे वळला. "बारा वाजता काय होणार आहे, ते तेवढं सांगत नाईत!"

चौपन्न वर्षे ज्या घरात 'आपण काय करीत आहात' असे विचारण्याचे धाडस कोणास झाले नव्हते, त्याच घरात आज आपल्यावर चोरासारखा पहारा बसावा, या विचाराने वृद्धाच्या अंतःकरणात एक कढ दाटून आला... पण त्यांनी तो गिळला. कारण न्यायाने पाहता संशय निराधार नव्हता, हे मान्य करण्याइतके ते तर्कनिष्ठ होते.

पहिली घटना कार्तिकातली. बंडोपंतांनी अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडाखाली स्वतः कुदळीने खड्डा खणला आणि संध्याकाळच्या आत बुजवलाही. शेजारच्या नंदिनीने कुंपणावरून प्रमोदिनीला हळूच विचारले, "काऊन वो वहिनी, गुरुजीले गुप्तधन सापडलं का?" प्रमोदिनी हसली खरी, पण तिचे मन काही त्या हसण्यात सामील झाले नाही. मग पत्र्याच्या खोलीतला जुना फ्रिज दुरुस्त होऊन गुरगुरू लागला, आणि त्याला कुलूप लागले. फ्रिजला कुलूप! दर गुरुवारी गुरुजी समुद्रपूरच्या एसटीत बसू लागले, ते नेमके कशासाठी हे न सांगता. आदेशने वडिलांचा फोन उघडून पाहिला, तर महिन्याभरात एकाच नावाला अकरा फोन झालेले. कुंताबाई, समुद्रपूर.

"एकोणऐंशी वय आहे ना हो त्यांचं..." प्रमोदिनी अविश्वासाने म्हणाली होती.

"वयाचं काय सांगते? उद्या ती बाई इथं येऊन बसंल आणि म्हणंल, हे घर माझ्या नावानं केलं गुरुजीनं!"

पण या सर्वांहून भयंकर ती चौथी गोष्ट. चौदा डिसेंबरला बंडोपंतांनी देवपूजा सोडली. पन्नास वर्षांत ज्यांनी तापातही देव पारोसे राहू दिले नाहीत, त्यांनी सकाळी स्नान करून देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि म्हणाले, "सूनबाई, आजपासून देव तू पूज. मी स्पर्श करणार नाही." त्या दिवशी प्रमोदिनीच्या मनात जे चर्र झाले ते अजून शमले नव्हते. माणूस देवाला तेव्हाच टाळतो, जेव्हा त्याचे हात कशात तरी गुंतलेले असतात...

आणि ते गुंतलेले होतेच!

समुद्रपूरजवळ कुंताबाई वराहपालन करीत असे. सत्तरीची, ठसठशीत कुंकवाची, कोणाच्या बापाला न भिणारी. प्रथम जेव्हा धोतर-टोपीतले गुरुजी तिच्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा तिलाही संशयच आला होता.

"सरकारी हाये का तुम्ही?"

"नाही."

"मंग कोनाची तक्रार घेऊन आले?"

"मला मागच्या पायाची एक मांडी हवी आहे. चार किलोची, हाडासकट. आणि ती घरी कशी हाताळावी, हे शिकायचे आहे."

कुंताबाईने त्यांना टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळले. "गुरुजी, तुम्ही खात नाई, तुमच्या घरचे खात नाई. मंग शिजवून काऊन राह्यले?"

"एकीचे देणे आहे."

"बाईचं?"

"सुनेचे."

कुंताबाईने हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "गुरुवारी येजो. बर्फाचा डब्बा घेऊन येजो. आन् हे बघा, नाकाले रुमाल लावून येसान तर देनार नाई!"

...

अकरा वर्षांमागचा नाताळ बंडोपंतांना विसरू म्हणता विसरता येत नव्हता. धाकटा मुलगा अनय याने नागपूरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या इलेशी लग्न केले होते. मुलगी गुणी होती, शिकण्याची हौस असलेली होती. पहिल्याच महालक्ष्म्यांना तिने कढीचे मीठ पाहण्यासाठी बोट जिभेला लावले, तेव्हा बंडोपंत गरजले होते, "देवाच्या आधी जीभ? नैवेद्य चाखत नाहीत, इला! अंदाजाने करायचा, आणि पुढचे त्याच्यावर सोपवायचे!" तिने कान पकडले, ती कढी गाईला घातली आणि पुन्हा दुसरी केली. इतकी ती नम्र होती...

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने अंगणात, घराच्या स्वयंपाकघराला विटाळ नको म्हणून वेगळी चूल मांडून, स्वतःच्या आईच्या पितळी पातेल्यात हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, शिजविले. अनयची संमती होती. पंतांची कोणी विचारली नव्हती. ते बाहेर आले. त्यांनी पातेल्यात पाहिलेही नाही. अनयच्या हाती कुदळ दिली आणि म्हणाले, "लिंबाखाली खड्डा कर. आतल्यासकट पातेलेही पूर."

अनयने खड्डा खणला. माती सारखी केली, हात धुतले, आणि बायकोला घेऊन दुपारच्या गाडीने नागपूरला निघून गेला. तो पुन्हा या घरी जेवला नाही. आणि २०२१ च्या एप्रिलात, जेव्हा माणसांना माणसांजवळ जाता येत नव्हते, तेव्हा तो गेला... बापाला त्याचे मुखदर्शनही घडले नाही!

यंदा दिवाळीत माळा झाडताना एक वही सापडली. घाईत निघताना इलेकडून मागे राहिलेली, तिच्या आईची, शोभाबाईंची. तिच्यात सुवाच्य मराठीत त्या पदार्थाची कृती होती, आणि बंडोपंतांनी ती एखाद्या दुर्बोध भाष्यासारखी, ओळीओळीशी भांडत वाचली. 'कच्चा बटाटा तरंगेल इतके मीठ पाण्यात घालावे. त्यात गूळ, मिरे, तमालपत्र.' ठीक. 'नऊ दिवस थंडीत ठेवून रोज उलटावे.' म्हणजे फ्रिज आला, आणि सूनबाईच्या नजरेपासून कुलूपही आले. 'एक दिवस साध्या पाण्यात भिजवून मीठ उतरवावे. मग शिजवताना पाणी खदखदू देऊ नये, नुसते थरथरावे. खदखदले की मांस आवळते आणि भुशासारखे कोरडे होते.' या 'थरथरावे' वर त्यांनी अर्धा तास विचार केला, आणि शब्दयोजना निर्दोष आहे असा निर्णय दिला. 'शिजल्यावर बाहेर काढण्याची घाई करू नये. आपल्याच पाण्यात निवू द्यावे, म्हणजे रस आत राहतो.' इथे मात्र त्यांचे डोळे का भरून आले हे त्यांना कळले नाही. 'दुसऱ्या दिवशी कातडे काढून चरबीवर चिरा द्याव्यात, लवंगा टोचाव्यात, गूळ आणि संत्र्याचा रस माखून झाकणावर निखारे ठेवावेत.' संत्री कारंज्याची, आत्ताच उतरलेली. तो प्रश्न नव्हता.

प्रश्न होता तो एकाच वाक्याचा : 'भिजवल्यावर शिजवण्याआधी एक काप तळून मीठ चाखून पहावे.'

कोणी चाखावे? कुंताबाई चाळीस मैलांवर. आदेशला सांगावे तर तो पातेले उकिरड्यावर नेईल. आणि स्वतः? पंतांनी त्या प्रश्नापाशी दोन दिवस काढले, आणि अखेर वही मिटली.

...

साडेअकरा वाजून गेले तेव्हा आदेशचा धीर सुटला. "मी तोडतोय!" तो बाहेरून ओरडला, आणि खरेच कडी तुटली.

दार उघडताच लवंग, गूळ आणि जळत्या चरबीचा जड वास अंगणात आला. आदेशची नजर खोलीभर फिरली. तिला न बाई दिसली, न गुप्तधन. कूलरांच्या मध्ये विटांची चूल, तिच्यावर लखलखीत पातेले, झाकणावर निखारे, आणि जवळ बाह्या सरसावलेले त्याचे वडील!

प्रमोदिनीने वाकून झाकणाच्या फटीतून पाहिले आणि ती मागे सरकली. "मामाजी... हे... हे मटण आहे?"

"डुकराचे."

"रामा रे!"

"बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? या घरात? तुमच्या हातानं?" आदेशचा हातोडा खाली पडला. "बाहेर फेका ते!"

बंडोपंत पातेल्यापुढे उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी मुलापुढे हात जोडले. "एकदा फेकले आहे, आदेश. एका अन्नाबरोबर मी एक मुलगा फेकून दिला. आता माझ्यापाशी फेकायला काही उरलेले नाही!"

प्रमोदिनीची नजर पातेल्याच्या काठावर गेली होती. कल्हईखालून कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसत होती. तिला लिंबाखालचा खड्डा आठवला, आणि बारा दिवसांचे कोडे एका क्षणात सुटले.

"म्हणून तुम्ही पूजा सोडली, मामाजी?"

"ज्या हातांनी हे करतो त्या हातांनी ते करू नये, अशी माझी समजूत आहे. ती चूक असेलही. पण माझी आहे. आणि हे केल्यावाचून मला राहवत नव्हते."

तिने पदर नाकावरून काढला. डोळ्यांना लावला...

तेवढ्यात फाटक वाजले. बाराला सात मिनिटे होती.

इला आत आली. चाळिशीची झाली होती. खांद्याला पर्स, चेहरा बंद दारासारखा. अंगणाच्या मध्यावर ती थांबली; पुढे आली नाही.

"नमस्कार, मामाजी. सही कुठं करायची ते सांगा. मला दीडच्या बसने परत जायचंय. लेकीला, वेदश्रीला, माझ्या आत्याकडे ठेवून आलेय."

"सही?" बंडोपंत गोंधळले.

तिने पर्समधून त्यांचे पत्र काढले. "'सोमवारी दुपारी बारास उपस्थित रहावे. काम महत्त्वाचे आहे. बंडोपंत.' बस, एवढंच! अकरा वर्षांत हे पहिलं पत्र. मला वाटलं, अनयच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र असणार. मी देते लिहून, मला काही नको. फक्त लवकर करा."

आपल्या आटोपशीर गद्याचा बंडोपंतांना अभिमान होता. आज प्रथमच त्यांना त्याची लाज वाटली.

"सही नको, इला. बस. जेव."

"जेवू? इथं?" तिचा आवाज चढला. "काऊन? कशासाठी बोलावलंत मला? भाऊजी, तुम्ही तरी खरं बोला, काय चाललंय?"

आदेशने मान खाली घातली. उत्तर प्रमोदिनीने दिले. ती आत जाऊन पाट आणि ताट घेऊन आली, तिने ओसरीवर पाट मांडला आणि म्हणाली, "ये इला. मलाही आत्ताच कळलं."

बंडोपंतांनी निखारे उतरवले, पातेले फडक्याने धरून ओसरीवर आणले आणि झाकण काढले. इलेने वाकून काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवले. 'सौ. शोभाबाई.'

"हे तर... हे अनयनं पुरलं होतं."

"अनयने नाही. मी पुरायला लावले. त्याच्या हाती कुदळ मी दिली होती. जन्मभर पोरांना सांगत आलो, उत्तरपत्रिका वाचल्यावाचून गुण देऊ नयेत. आणि त्या दिवशी मी न पाहता, न विचारता निकाल दिला! अनयला सांगायला आता मार्ग नाही, बाळ... म्हणून तुला सांगतो. तुझ्या आईच्या वहीत होते तसे, अक्षर न अक्षर केले. एक वाक्य सोडून."

त्यांनी सुरी चालवली. काप सहज सुटला. आतून फिकट, ओला, आणि त्याच्या कडेने रस ताटात उतरला. इला पाटावर बसली. पण हात ताटापाशी नेऊन ती थांबली. तिच्या डोळ्यांतला जुना संशय अजून सरला नव्हता.

"कोणी चाखलंय हे?"

"नाही."

"तुम्ही नाही, वहिनींनी नाही?"

"कोणीच नाही."

"मग मीठ कसं पाहिलं?"

बंडोपंत उभेच होते, निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. त्यांनी हळूच म्हटले, "नैवेद्य चाखत नाहीत, इला."

इलेने वर पाहिले. महालक्ष्म्यांच्या त्या कढीचा दिवस तिच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला असावा, कारण तिचे ओठ थरथरू लागले, आणि दाबून धरलेले अकरा वर्षांचे पाणी गालांवरून ताटात ओघळले. तिने तुकडा मोडला. तोंडात घातला. पुष्कळ वेळ चघळत राहिली, आणि हळूहळू सबंध काप संपवला. प्रमोदिनीने आदेशचा हात धरला होता.

मग इलेने पर्समधून फोन काढला. "आत्या? वेदश्रीला घेऊन तुम्ही वर्ध्याला या. हो, आजच. नालवाडीला... आजोबांकडे." फोन ठेवून तिने रिकामे ताट बंडोपंतांपुढे पुन्हा धरले, पदराने नाक पुसले, आणि आईच्या वहीतल्याइतक्याच सरळ शब्दांत म्हणाली,

"मीठ जास्त झालंय, मामाजी."