त्याची जुनी, तिची नवी

सिग्नल हिरवा झाला आणि चिमणीची नवी गाडी भर चौकात बंद पडली.

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. चिमणीने दातओठ खात बटण दाबलं, रेस दिली, क्लच सोडला... गाडीने एक गचका दिला आणि पुन्हा मान टाकली.

"क्लच इतका पटकन नका सोडू," शेजारून आवाज आला. "घाई केली की रुसते ती."

"तुम्हाला बरं माहीत!"

"असणारच. गेल्या महिन्यापर्यंत माझी होती."

चिमणीने झटकन वळून पाहिलं. हेल्मेटच्या काचेआड दोन हसरे डोळे होते. पण तिची नजर डोळ्यांवर टिकलीच नाही, घसरली ती थेट त्याच्या मोटरसायकलवर. टाकीवरचा नखाएवढा उडालेला रंग, डावा आरसा किंचित वाकडा —

"अहो, ही तर माझी गाडी!"

"होती," तो म्हणाला. "आणि हिचा न्यूट्रल कुठे लपवून ठेवलाय, तेवढं सांगता? सिग्नलला सापडतच नाही."

"थांबल्यावर शोधलात तर जन्मात सापडायचा नाही. चालत्या गाडीत लावायचा, थांबायच्या जरा आधी."

"बघा! एवढं मला कुणीच सांगितलं नाही."

हॉर्नवाल्यांचा संयम तोवर संपला होता. दोघांनी आपापल्या गाड्या ढकलत कडेला घेतल्या आणि मग सगळा उलगडा झाला. जुन्या गाड्या विकणारे मामा — ते सगळ्या गावाचेच मामा — त्यांच्याकडे एकाच आठवड्यात दोघांनी गाड्या दिल्या होत्या आणि मामांनी ह्याची तिला, तिची ह्याला खपवली होती.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी जड क्लचची गाडी बंद करायला सांगितली. चिमणीचं प्रकरण वेगळं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दुकान दुसऱ्याचं, खुर्ची दुसऱ्याची. टेकडीवरच्या वस्तीत मात्र चष्म्याचं एकही दुकान नव्हतं. तिथे निळ्या दाराची एक खोली तिने भाड्याने घेतली होती आणि येत्या सोमवारी स्वतःचं दुकान उघडायचं होतं. भिंगांची जड पेटी रोज वर न्यायची, रोज खाली आणायची होती. जुनी हलकी गाडी पेटीसकट शेवटच्या वळणावर धापा टाकून थांबायची. म्हणून ही दांडगी गाडी.

"अंगापेक्षा बोंगा मोठा!" आई रोज म्हणायची. "पेलवत नसेल तर मामांना परत दे आणि आहे ती नोकरी कर. परतीचा पंधरवडा संपला की मामासुद्धा घ्यायचे नाहीत."

चिमणी उंचीने खरंच चिमणीएवढी. गाडीवर बसली की पायाच्या फक्त बोटांनी जमिनीशी ओळख व्हायची. पण हट्टाला उंची लागत नाही. गाडी परत गेली तर दुकानही गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा गाडी परत जाणार नव्हती.

"शिकवाल?" तिने विचारलं.

तिच्या गाडीच्या टाकीवरून त्याने हात फिरवला... जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "शिकवतो."

बंद पडलेल्या सिनेमागृहामागच्या मोकळ्या आवारात त्यांची संध्याकाळची शिकवणी सुरू झाली.

"रेस कमी. हिला ओरडून सांगावं लागत नाही."

"माझ्या जुनीला ओरडल्याशिवाय ऐकूच यायचं नाही."

"ते कळतंय. काल चढावर मी प्रेमाने सांगत बसलो, तर झोपली."

"प्रेमाने सांगायची सवय दिसते तुम्हाला."

"लिफ्टशीच बोलतो दिवसभर. ती काय उलट उत्तर देते?"

चिमणीला हसू आलं आणि हसण्याच्या नादात गाडी कलली. त्याने धावत येऊन हँडल धरलं. त्याचा हात तिच्या हातावर पडला, तो दोघांनीही लगेच काढला नाही. "गाडी... सरळ करूया," तो घसा खाकरत म्हणाला.

तिची मुख्य चूक त्याने दुसऱ्याच संध्याकाळी पकडली. वळताना ती चाकापुढच्या खड्ड्याकडे टक लावून बघायची आणि नेमकी त्यातच जायची.

"दिवसभर लोकांना लांबची ओळ वाचायला लावता," तो म्हणाला, "आणि स्वतः चाकाखालचं वाचता! जिकडे जायचंय तिकडे बघा. नजर जाईल तिकडे गाडी जाते."

चिमणी पडली, खरचटली, उठली. घरी जाऊन कोपराला मलम लावताना आईला म्हणाली, "भिंतीला घासलं." आईने भिंतीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मुकाट्याने कापूस आणून दिला.

शनिवारी ती आरसा घट्ट करून घ्यायला मामांकडे गेली.

"काय, परत देताय का?" मामांनी पाना फिरवत विचारलं. "द्यायची तर आजच द्या. गिऱ्हाईक तयार आहे. लिफ्टवाल्याचं मनगट झालं बरं, त्याला आपली गाडी परत हवीय. 'त्यांनी आणून दिली तर दुसऱ्या कुणाला देऊ नका' म्हणून बजावून गेलाय."

हाच माणूस रोज तिला क्लच सोडायला शिकवत होता! खरं शिकवत होता, की...

संध्याकाळी तिने हेल्मेटही काढलं नाही.

"मामांकडे सांगून ठेवलंय तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. "हो. पण —"

"म्हणजे मी हरायची वाट बघत होतास!" रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. "उद्या सकाळी पेटी घेऊन मी टेकडी चढणार आहे. एकटी. गाडी विसर आता."

"शेवटच्या वळणावर —"

"नको सांगूस!"

रविवारी सकाळी रिमझिम होती. रस्ता ओला, मागे पेटीचं ओझं आणि डोक्यात राग. पहिली वळणं रागाच्या जोरावर निघाली. मध्येच आरशात एक ओळखीची गाडी दिसली, नखाएवढा रंग उडालेली. चिमणीने मान ताठ केली.

शेवटचं वळण आलं तेव्हा पेटी मागे ओढू लागली. पुढचं चाक हलकं पडलं, इंजिनाचे ठोके जड झाले. तिची नजर खाली गेली, ओल्या खडीवर. हात जोरात रेस द्यायला शिवशिवला. आता ह्याचं ऐकावं की नाही? त्याने मुद्दाम चुकीचं शिकवलं असेल तर पेटीसकट खाली जायची वेळ होती.

"लांबची ओळ वाचा," चिमणी स्वतःलाच म्हणाली, रोज खुर्चीतल्या माणसाला म्हणते तसं.

तिने मान वर केली. रेस वाढवली नाही. वर, पावसाच्या पडद्याआड, निळं दार दिसलं. नजर तिथे खिळवून ती बसून राहिली आणि गाडी धक-धक करत, न घसरता, न थांबता वळणातून वर निघाली.

दारापुढे गाडी लावून तिने पेटी उतरवली. पोचले! आणि मग तिच्या लक्षात आलं — त्याने शिकवलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

तिने खाली पाहिलं. तिची जुनी गाडी शेवटच्या वळणावर धापा टाकत उभी होती आणि शेजारी तो, नखशिखांत भिजलेला.

चिमणी गाडी वळवून खाली गेली.

"लिफ्टवाला ना तू? लोकांना वर पोचवतोस आणि स्वतः मध्येच अडकतोस?"

तो हसला नाही. "गाडी परत हवी होती मला, खोटं नाही बोलत. पहिल्याच दिवशी मामांना सांगितलं. रोज वाटायचं, ही शिकली की आपली गाडी गेली."

"मग नीट का शिकवलंस?"

"तू त्या दुकानाबद्दल बोलायचीस ना... निळं दार, खुर्ची कुठे ठेवणार, आरसा कुठे लावणार... ते ऐकून चुकीचं शिकवता येईना." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "काल मामांना जाऊन सांगितलं, मला नको गाडी. गाडी काय, दुसरी मिळेल."

"आणि मी?"

"तू..." त्याने ओल्या केसांतून हात फिरवला. "तुझ्यासारखी दुसरी नाही मिळायची. मला तू आवडतेस, चिमणे. फार आवडतेस."

पाऊस पडत राहिला. चिमणीला आत कुठेतरी इतकं छान वाटलं की ते लपवायला तिने हेल्मेटची काच खाली ओढली, आणि मग पुन्हा वर केली, कारण लपवायचं नव्हतंच.

"मलाही," ती म्हणाली. "त्या न्यूट्रलपासूनच. आता बस मागे."

"माझ्याच गाडीवर? मागे?"

"माझ्या."

तो मुकाट्याने बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. तिनेच ते ओढून आपल्या कमरेभोवती घेतले. मग क्लच हळूच सोडला.

"लांब बघ," तो कानाशी म्हणाला.

"बघतेय."

तिने आरशात एकदाच, अगदी निमिषभर, त्याच्याकडे पाहिलं. मग नजर उचलून निळ्या दारावर लावली. गाडी दोघांना घेऊन, न रुसता, वर चढली.