अळणी सोमवार

महिपत पहिल्या दिवशी सरळ तोंडानं बोलला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गड्यानं हातवारे केले!

कोपरीच्या मिठागरावर त्याचा तो पहिला दिवस. खाडीवरच्या पुलावरून आगगाडी धावायला लागून बरीच वर्षं झाली होती, तरी इथलं मीठ अजून शिडाच्या पडावात भरूनच कल्याणला जायचं. घाटावरून उतरलेल्या महिपतनं खाडी कधी पाहिली नव्हती. आणि समोर एक बाई पदरानं तोंड घट्ट बांधून मिठाच्या वाफ्यात लाकडी फावडं ओढत होती. डोळे तेवढे उघडे... आणि डोळे असे, की पाणी मागायला आलेल्या माणसानं तहान विसरावी! बाकीच्या बाया तोंडाचा पट्टा सोडून बोलत होत्या, ही चकार शब्द काढीना. महिपतला वाटलं, मुकी असावी बिचारी. त्यानं ओंजळ करून तोंडाशी नेली. तिनं बोटानं लांबचं मडकं दाखवलं. दिवसभर असंच चाललं. निघताना त्यानं खुणेनं विचारलं, उद्या येशील? तिनं छातीवर हात ठेवून मान हलवली – येईन.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खुणा करत आला, तर ती म्हणाली, "नाचतंस काय रं माझ्याफुडं? बोल की सरल!"

महिपत वाफ्यात बसता बसता राहिला. "आँ! तुला बोलता येतं व्हय?"

"तोंड हाय ना मना? मग येनारच."

"मग काल?"

"काल सोमवार होता," रतन म्हणाली आणि हसू दाबत फावड्याला लागली.

आता हा सोमवार काय, ते सांगायलाच हवं. रतनचा नवरा राघो मचव्यावर खलाशी होता. एका ओहोटीला 'येतो' म्हणून गेला. मचवाही आला नाही नि राघोही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे कुठल्या लांबच्या बंदराला लागला. सासू गंगुबाईनं देवापुढं नवस बोलला – राघो येईस्तोवर सून सोमवार अळणी करील. दिवसभर उपास, दिवेलागणीला बिनमिठाची पेज, आणि मिठाचा कण म्हणून जिभेला लागायचा नाही.

घ्या! घरात बसणारीला हे एक वेळ जमेल. जिचं पोटच मिठावर, तिनं काय करावं? वाऱ्याबरोबर मीठ उडून ओठांवर बसायचं, घाम ओघळून तोंडाशी यायचा. म्हणून ती तोंड बांधायची आणि बोलायची नाही. दुपारी बाया सुक्या मासळी-भाकरीची फडकी सोडून बसल्या, की वासानं पोटात कावळे ओरडायचे; ती लांब बांधावर जाऊन एकटीच बसायची. आधी बाया हाका मारायच्या, मग मारेनाशा झाल्या. आताशा राघोचा चेहरा आठवायला तिला डोळे मिटावे लागत, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी. जातीत पाट लावायची, बाईनं दुसरं लग्न करायची चाल होती. पण ज्याच्यासाठी उपास धरला, तो मेला असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पुढच्या सोमवारी महिपत तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बांधावर येऊन बसला.

"जेवत नाय?" सोमवार असूनही तिनं पदराआडून विचारलं.

"मलाबी उपास हाय. सोमवारचा... तुझ्यावानीच. अळणी."

रतननं त्याला खालीवर न्याहाळलं. मीठ कडवट राहिलं की मुकादम आगर डोक्यावर घेई, म्हणून ते चाखून बघायचं काम तिचंच असे. तिनं नव्या राशीतली चिमूट उचलून पुढं केली. "बघ रं, कडू तर नाय ना? मना आज चालत नाय."

महिपतनं मीठ जिभेवर टाकून चांगलं चघळलं. "न्हाई. झ्याक हाय!"

"मोडला!"

"काय मोडला?"

"तुझा उपास! लबाड कुठला!"

पदर सुटतो की काय, इतकी ती हसली. महिपत कानापर्यंत लाल झाला. "तू एकलीच बसतीस..." तो पुटपुटला, "म्हणून."

तिचं हसू थांबलं. एकटी बसतेस, हे तिला इतक्या दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. तिला ते इतकं गोड वाटलं की भीतीच वाटली.

तेव्हापासून सोमवारी तिच्या वाटचं मीठ महिपत चाखू लागला. भाकरी मात्र तोही खाईना.

"घाम तोंडात गेला तर गं?" एकदा त्यानं छेडलं.

"पुसते."

"आन् डोळ्यातलं पाणी? त्येबी खारटच की."

रतननं खाडीकडं तोंड फिरवलं. "म्हनून सोमवारी मी रडत नाय."

"मग कवा रडतीस?"

"मंगलवारी," ती म्हणाली. पण या वेळी दोघंही हसली नाहीत.

आभाळ भरून यायला लागलं. मिठाच्या राशी गवतानं शाकारल्या. शेवटचा पडाव संध्याकाळच्या भरतीला कल्याणकडं निघायचा होता, आणि महिपत त्यातून आपल्या गावाला. दिवस नेमका सोमवार.

"पुढच्या साली येशील?" तिनं विचारलं.

"कशाला येऊ?" त्यानं तळहातावर मिठाचा खडा धरला. "तू म्हणलीस तर जातच न्हाई. ह्यो तोंडात टाक, मला काय ते उमजंल. चारचौघांत पाट लावू, रतन... मी हितंच ऱ्हाईन."

तिचा हात पदराच्या गाठीपर्यंत गेला – आणि तिथंच राहिला.

"मी खाल्लं, आनि त्यो जिता असून तिकडं बुडाला तर रं? म्हातारीला काय तोंड दाखवू?"

महिपतनं मूठ मिटली. "बरं," एवढंच म्हणाला.

दिवेलागणीला गंगुबाईनं पेज वाढली. रतननं पहिला घोट घेतला आणि ती दचकली.

"आत्ये... हिच्यात मीठ पडलंय!"

"पडलं नाय," चुलीतलं लाकूड सारत म्हातारी म्हणाली, "टाकलंय."

रतननं ताट खाली ठेवलं.

"नवस मी बोलले, उपाशी तू मेलीस. राघो गेला गो! मना कवाच ठाव हाय. तू उपास सोडलास तर मना रडावं लागंल, म्हनून सोडू देत नव्हते." तिनं डोळ्यांना पदर लावला. "आगरातल्या बाया मना सगलं सांगतात. त्या घाटावरच्याला सांग, घर गलतंय, शाकारायला मानूस पायजे. जा! भरती लागली."

सोमवार होता, आणि रतन रडली. रडत रडतच धावत सुटली.

पडाव काठ सोडून गेला होता. महिपत पाठमोरा बसला होता.

"महिपत!"

त्यानं वळून बघितलं. वाऱ्यानं शब्द पोचेनात. त्यानं हातानंच विचारलं – काय?

रतन गुडघाभर चिखलात उतरली. तिनं ओंजळ भरून खाडीचं पाणी घेतलं, तोंडाशी नेलं, आणि त्याला दिसेल असं तोंडात घेतलं.

महिपत ताडकन उभा राहिला. पोहायला न येणारा गडी उडीच टाकायचा, पण पडावाच्या तांडेलानं धोतर धरून खाली बसवला. रतननं हात उंचावून खुणेनं विचारलं – उद्या येशील?

त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली, एकदा नाही, पडाव दिसेनासा होईपर्यंत.

ती बांधावर बसली. असंच 'येतो' म्हणून आणखी एक जण गेला होता, ते तिला आठवलंच. पण त्याला ओहोटीनं समुद्राकडं नेलं होतं; ह्याला भरती आत नेत होती, आणि भरतीचं पाणी फिरून इथूनच परतायचं. मागून गंगुबाई पेजेचं ताट घेऊन आली नि तिच्या शेजारी टेकली.

"आदी खा," ती म्हणाली. "ओहोटीला अजून येल हाय."

रतननं पेज तोंडाला लावली. मीठ जरा जास्तच पडलं होतं.