रांगेतला अकरावा मेल

हर्षाली,

शनिवारी दुपारी ऑफिसचा मेल आला म्हणून तोंड वाकडं करू नकोस. हा वाचून झाला की गंगापूर रोडच्या ऑफिसला ये. तुला जमत नसेल तर कुणालाही पाठव. सर्व्हर रूमचं दार बाहेरून उघडायचंय, बस्स.

मागच्या मशीनची एक डिस्क बदलायची म्हणून दोन वाजून दहा मिनिटांनी मी आत आलो. मोबाईल बाहेर टेबलावर चार्जिंगला. दार मागं लागलं. आतली मूठ फिरते, पण नुसतीच फिरते. मी एसी अठरावर ठेवलेला. आता तो चार दाखवतोय. आपला एसी चारवर जातच नाही, तुला माहीत आहे.

हा माझा अकरावा मेल. आधीचे दहा दोन-दोन ओळींचे होते. प्रत्येक वेळी स्क्रीनवर आलं, 'गेला'. पण समोर रांग दिसतेय ना मला! दहाच्या दहा तिथंच उभे आहेत, मागचं मशीन पुन्हा चालूच होत नाहीये. म्हणून यात सगळं लिहितो. इतके दिवस लपवलं, आता लपवून कुणाचं भलं व्हायचंय?

तुला पहिल्या दिवशी समजावलं होतं. पुढचा सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस, येणारा प्रत्येक मेल तो हातात घेतो. मागचा म्हणजे घरातलं कपाट, सगळ्यांच्या मेलच्या पेट्या तिथं. मागचा बंद असला तर पुढचा मेल परत पाठवत नाही, रांगेत उभा करतो. आणि पाठवणाऱ्याला मात्र सांगतो, गेला. जोडी बसवताना मला याचं भारी कौतुक होतं. शेठना म्हटलं होतं, "एकही मेल हरवणार नाही, लिहून घ्या."

तू यायच्या आधीची गोष्ट. फेब्रुवारी, द्राक्षांचा सीझन. चांदवडच्या अलीकडं आपलं पॅकहाऊस आहे, तिथल्या कोल्ड रूममधून मालाच्या पेट्या चोरीला जायच्या. शेठनी नियम काढला, मेल आल्याशिवाय बाहेरची कडी काढायची नाही. वॉचमन सहादूपुढं एक कॉम्प्युटर ठेवला. मागं एकदा कुणी आतून हाक मारली म्हणून त्यानं कडी काढली होती, तर शेठनी त्याला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या. साठीच्या माणसाला! तेव्हापासून सहादू मेलशिवाय हलायचा नाही.

मंजुषा तिथं मालाचं तापमान टॅबवर नोंदवायची. मखमलाबादच्या गोटीरामकाकांची मुलगी, झेंडूवाले ते. तोंडाची फटकळ, पण कामाला वाघ. त्या शनिवारी एक पेटी पुन्हा तपासायला ती आत शिरली. मजुरांना वाटलं आत कुणी नाही. त्यांनी कडी घातली आणि हाफ डे म्हणून निघून गेले. आतून उघडायची मूठ सीझनच्या सुरुवातीलाच तुटली होती. त्या जाड भिंतींत मोबाईलला रेंज नाही. पण वायफाय होतं, मीच बसवलेलं. तिनं टॅबवरून मेल टाकला. 'सहादूभाऊ, मी आत अडकलेय. दार उघडा.' वेळ दोन दहा.

आणि दीड वाजता मी मागचा सर्व्हर बंद केला होता. मेलच्या पेट्या नव्या मशीनवर हलवायच्या होत्या. आधी सगळ्यांना कळवायचं असतं, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण कळवलं तर शेठ म्हणाले असते, सीझन संपल्यावर करा. मला ते सुरू करून देऊन मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. घाई, हर्षाली. साधी घाई.

संध्याकाळी साखरपुड्याच्या मांडवातून मी मोबाईलवर रांग बघितली. अकरा मेल. पहिला उघडला नाही, दुसराही नाही. म्हटलं, मागचा सर्व्हर सोमवारी चालू करू, तेव्हा बघू. आणि श्रीखंडाची दुसरी वाटी घेतली.

घरच्यांना वाटलं, सीझनचं काम आहे, पोरगी तिथंच मुक्कामाला राहिली असेल. सोमवारी कडी काढली तेव्हा ती दाराला टेकून बसलेली होती. टॅब मांडीवर. तिला शेवटपर्यंत वाटत असणार, मेल गेलाय, आता कुणीतरी येईलच.

पोलिसांसमोर सहादू एवढंच म्हणाला, "ठोके येत व्हते सायेब. लय वेळ येत व्हते. पन मेल नाय ना आला."

टॅब कायमचा बंद पडला होता. त्यामुळं ते अकरा मेल फक्त माझ्याकडं होते. ते पोहोचवले असते तर वेळेसकट सगळं उघडं पडलं असतं. मी तसेच ठेवले. लोकांनी ठरवलं, पोरगी घाबरून नुसतं दार बडवत राहिली, मेल टाकायचं सुचलंच नसेल. गोटीरामकाकांना तेवढं पटेना. "माझी मंजू गप बसनारी नव्हती," म्हणायचे. "तिनं मेल टाकला नाय, असं व्हईलच कसं?"

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. भावानं शब्द दिला, मामानं दिला, शेठनी पण हात जोडले. कावळे वर बसून नुसते बघत होते. शेवटी काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात म्हणालो, मंजुषा, तुझे मेल मी पोहोचवतो. झप्पकन कावळा खाली आला. लोक रडत होते आणि मी घामानं भिजलो होतो.

तिथून सरळ ऑफिसला आलो. पहिला मेल उघडला, वाचला. बाकीचे दहा वाचायची हिंमत झाली नाही. सगळे निवडले आणि पुसले. तेराव्याला तिचं खातंही बंद केलं. मेलेल्या पोरीला दिलेला शब्द मी असा पाळला. मी नीच आहे, माहीत आहे मला.

तेव्हापासून गोटीरामकाका दर शनिवारी फुलबाजार आटोपून येतात आणि या दाराबाहेर स्टुलावर बसतात. तू त्यांना चहा देतेस. "आला का वो मंजूचा मेल?" विचारतात. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "काका, आत ठोकाठोक चालू असते, तिकडं लक्ष द्यायचं नाही. मेल आला की मी सांगेन. तोवर दाराला हात लावायचा नाही."

ते आत्ता बाहेर आहेत.

झेंडूचा वास येतोय फटीतून. मी दार बडवलं, ओरडलो, "काका, बाहेरून उघडा! मी अडकलोय!"

मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा गरीब.

"चालू द्या सायेब तुमचं काम. मी हाय हितंच बसलेला."

"अहो काका, दार उघडा... पाया पडतो तुमच्या..."

"मेल आला का?"

काय सांगू? म्हटलं, "हो, आला! आला!"

"मग वाचून दावा की."

मला एकच पाठ होता. दारापाशी तोंड नेऊन सांगितला. सहादूभाऊ, मी आत अडकलेय. दार उघडा. बाहेर काका रडायला लागले. पुष्कळ वेळ रडले. मग म्हणाले, "अन् बाकीचे धा?"

अकरा होते हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, हर्षाली. कुणालाही नाही.

एसी आता एकवर आहे. बोटं वाकत नाहीत, एकेक अक्षर शोधून दाबतोय.

थांब... रांग हलली. दहाची नऊ झाली. पोहोचला? नाही, पुसला गेला. हर्षाली, तू आहेस का? घरून रांग साफ करतेयस? बाई गं, पुसू नकोस! मीच शिकवलं ना तुला, शनिवारी अडकलेला कचरा न वाचता उडवायचा, वाचत बसायचं नाही. यावेळी ऐकू नकोस माझं. उघडून बघ. एक तरी उघड...

आठ.

पुसणाऱ्याचं नाव नोंदीत येतं. आता बघितलं. तू नाहीस.

मंजुषा गोटीराम.

सात. ती घाई करत नाहीये. प्रत्येक मेलपुढं आधी 'वाचला' अशी खूण येते. मगच तो जातो.

हा पाठवतो आता. दुसरं करणार तरी काय?