मंगळवारचा उपडा कप

जिनपाल मगदूम जाऊन आठ महिने झाले होते, तरी दर मंगळवारी अकराच्या बैठकीला ते हजर असायचे. जिवंत असताना रोज उशिरा. मेल्यापासून मात्र एक मिनिट इकडचं तिकडं नाही.

"बस, आण्णा," टेबलावरच्या स्पीकरमधून मगदूम म्हणायचे. "आज कुठला खुळेपणा काढलायस?"

आण्णा चौगुले बसायचे. कँटीनमधून त्यांचा एक कप चहा यायचा. मग दोघांची जुंपायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर कारखान्याचं पुढचं भविष्य उमटायला लागायचं.

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत या दोघांनी मिळून पंपांचा कारखाना काढला, त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एकदा दोघांचं चहा संपायच्या आत एकमत झालं होतं आणि पितळी नळांनी गोदाम छतापर्यंत भरून बसलं. ते नळ अजून आहेत. तेव्हापासून नियम ठरला: एकानं काही सुचवलं की दुसऱ्यानं विरोधच करायचा. पटलं तरी करायचा. आणि अगदीच टोकाला गेलं तर कप बशीत उपडा घालायचा. म्हणजे विषय बंद. वर आण्णा नंतर शब्द फिरवतो म्हणून मगदूमांनी सव्वीस वर्षांची सगळी भांडणं रेकॉर्ड करून ठेवली होती.

त्या रेकॉर्डवरच दुनजर उभं राहिलं.

दुनजर म्हणजे काय, हे यंत्र बनवणाऱ्या डॉ. रेणुका सामंतांनी मगदूम हयात असतानाच, पहिल्या दिवशी दोघांना समजावलं होतं. "एक डोळा झाका," त्या म्हणाल्या, "आणि या पेनाला टोपण बसवा."

आण्णांचं टोपण दोनदा हवेतच गेलं.

"दोन डोळ्यांना एकच वस्तू जराशी वेगळी दिसते. त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. कंपनीचंही तसंच. दोन साहेबांना एकच गोष्ट वेगळी दिसली, तर त्या फरकातून माझं यंत्र पुढचा काळ मोजतं. जेवढा फरक, तेवढं लांबचं दिसतं."

"आणि साहेब लोकांचं पटत असलं तर?"

"तर यंत्र आंधळं. एका कारखान्यात हेच बसवलं होतं. तिथले तिन्ही साहेब एकमेकांच्या बोलण्यावर माना डोलवणारे. यंत्रावर आता छत्र्या वाळत घालतात."

आण्णा हसले होते. मगदूम हसले नव्हते. "भांडण आपलं हाय, आण्णा," ते म्हणाले. "ते यंत्राला दिलं, की आपण दोघं कशाला उरलो?"

"म्हातारा झालास जिनप्या. घरी बस."

मगदूमांनी कप उपडा घातला आणि घरी गेले. अकराव्या दिवशी झोपेतच गेले. आण्णांनी यंत्र घेतलं. रेकॉर्डवरून मगदूमांचा मतठसा तयार झाला. मतठसा म्हणजे माणसाचं विचार करायचं वळण, आवाजासकट. समोरच्याचं ऐकायचं आणि उलट बोलायचं, एवढंच त्याला येत होतं. पण ते अस्सल यायचं.

सुरुवातीला दुनजरला एकतीस महिने पुढचं दिसायचं. लोखंड कधी घ्यायचं, कुठला साचा ओतायचा, कँटीनला चहा किती लागेल, सगळं. एकही अंदाज चुकला नाही. दोनशे दहा माणसांचं काम त्याच्यावर चालायला लागलं. आण्णांना कुणी काही विचारेनासं झालं. भांडायला तेवढं बोलवायचे.

मग दिसणं आखडायला लागलं. एकवीस महिने. अकरा. पाच.

"आण्णा, यंत्र ठीक आहे," सामंत म्हणाल्या. "तुम्ही सरकताय. मगदूमसाहेबांच्या बाजूला."

"मी तर दर मंगळवारी त्याला शिव्या घालतोय."

"तोंडानं. खुर्चीच्या हातात नाडीची पट्टी आहे. आतलं काय, ते तिला कळतं."

आण्णांनी आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या होत्या, तिथं खुर्ची काय चीज? पुढच्या मंगळवारी ते जिना धावत चढून आले, नाडी चांगली तापवली आणि मगदूमांवर तुटून पडले. पडद्यावर आकडा आला: तीन.

सामंतांनी कागद पुढं केला. "तुमचा गेल्या वर्षीचा मतठसा आहे आपल्याकडे. तो कायमचा लावते. तेव्हा तुम्ही दोघं मस्त लांब होतात. सही करा, मग तुम्हाला यायचीही गरज नाही."

"म्हंजे मी त्याला 'घरी बस' म्हणालो, तो मी?"

"हो."

"तो दर मंगळवारी त्याला तेच म्हणत राहणार?"

"दोनशे दहा माणसं आहेत, आण्णा."

आण्णांनी कागद घडी करून खिशात घातला. "एक मंगळवार दे, बाई. मला त्याला एक गोष्ट सांगायची हाय. मग करतो सही."

त्या मंगळवारी ते सावकाश आले. पट्टीवर हात नीट ठेवला. चहाला हात लावला नाही.

"बस, आण्णा. आज कुठला खुळेपणा?"

"जिनप्या, तुझं बरोबर होतं. हे यंत्र घ्यायला नको होतं. मी तुला बोललो ते चुकलं माझं."

सव्वीस वर्षांत असं वाक्य त्या रेकॉर्डवर एकदाही नव्हतं. आण्णा वाट बघत राहिले.

"खुळा हैस काय?" मगदूम म्हणाले. "माझंच चुकलं होतं. यंत्र घेतलं ते बेस केलंस. असली आठ यंत्रं घ्यायला पायजेत."

"जिनप्या, अरे..."

"म्हातारा झालास आण्णा. घरी बस."

पडद्यावरचा आकडा सरसर चढला. तीन, बारा, एकतीस. सामंत खुर्चीतून उठल्याच. "आण्णा, सहीची गरजच नाही. कसं काय जमवलंत?"

आण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. यंत्र नको म्हणणारा मगदूम आता त्या स्पीकरमधून कधीच बोलणार नव्हता. ते म्हणणं सांभाळायला एकटे आण्णाच उरले होते.

पडद्यावर एकतीस महिन्यांचा तक्ता उलगडला. लोखंड, साचे, पाळ्या, कँटीन. आण्णा चष्मा पुसून जवळ गेले. मंगळवारच्या रकान्यावर बोट ठेवून खाली उतरत गेले.

"बाई, हे वाच. बैठकीचा चहा. एक कप, एक कप, एक कप. आणि ह्या श्रावणापासून शून्य?"

सामंतांनी वाचलं. त्यांनी शेजारचा रकानाही वाचला. बैठका मात्र चालू होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत. दर मंगळवारी, अकरा वाजता, आवाज दोन.

"कधीतरी चुकतं यंत्र," त्या म्हणाल्या.

"आजवर कधी चुकलंय?"

आण्णा टेबलाशी परत आले. चहावर साय धरली होती. त्यांनी कप उचलला आणि तसाच भरलेला बशीत उपडा घातला. चहा टेबलावरून स्पीकरकडे पसरत गेला.

"बस की, आण्णा," मगदूम म्हणाले. "घाई काय हाय?"