जोड का लागेना?

"खरं सांग, हाताला काय लावून आलायस?" मावशीचा आवाज चढला आणि भिंगरीला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

"शप्पथ आत्या, हात धुऊनच आलोय! दोनदा!" पंतोजी रडकुंडीला आला होता.

पंतोजी म्हणजे भिंगरीचा मामेभाऊ. तिची मावशी ती त्याची आत्या. आपल्या या प्रयोगशाळेत मावशी झाडांच्या देठांतले बारीक तंतू काढून पाण्यानं टम्म भरलेल्या जेलमध्ये मिसळायची. तंतूंमुळे जेल चिवट व्हायचं, आणि कापून पुन्हा टेकवलं की अर्ध्या तासात आपोआप सांधलं जायचं! तेच बघायला आज तासाभरात पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर तुकडे जोडायचा मान मिळाला होता पंतोजीला! पांढरा कोट त्याला, कौतुक त्याचं! भिंगरीचा सख्खा धाकटा भाऊ शेपूट, तोसुद्धा त्याच्याच मागे मागे! सुट्टी लागल्यापासून भिंगरीचा नुसता जळफळाट चालला होता.

आणि आता तालमीत एकही तुकडा जुळेना.

"काढ तो कोट," मावशी म्हणाली. "पाहुण्यांसमोर भिंगरी करेल."

भिंगरीनं टुणकन उडी मारून तुकड्यांचा डबा ओढला. एक तुकडा उचलला, आणि थबकली. जेल असं कोरडं, गुळगुळीत? तिनं वास घेतला. गुलाब! हा वास तर प्रयोगशाळेचं सामान सांभाळणाऱ्या भांडारकाकांचा! उकडतं म्हणून त्यांची मान सदा पावडरीनं पांढरीफटक असायची.

मावशीची पाठ वळताच तिनं पात्यानं दोन तुकड्यांच्या कडा पातळ छाटल्या आणि एकमेकींवर दाबल्या. पुरतं सांधायला वेळ लागणार होता, पण कडा लगेच धरायला लागल्या की! म्हणजे पंतोजीच्या हातांचा काही दोष नव्हता.

पण हे सांगायचं कशाला? गुपचूप कडा छाटायच्या, पाहुण्यांसमोर जोडून दाखवायचं आणि वाहवा मिळवायची. बसू दे त्याला तोंड पाडून!

तिकडे पंतोजी कोटाची घडी घालत होता. तिसऱ्यांदा धुऊन त्याचे हात लालबुंद झाले होते.

"दादा, तू खरंच घाण हात लावलेस?" शेपटानं विचारलं.

"लावले असतील रे," पंतोजी हळूच म्हणाला.

भिंगरीला ते ऐकवेना. स्वतःचीच लाज वाटून ती तडक भांडारकाकांच्या टेबलाशी गेली आणि मावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "काका, काय सुटे सुटे ठेवलेत हो तुकडे! मावशीला जन्मात जमलं नसतं!"

काकांची कळी खुलली. "मग! मेले सारखे एकमेकांना चिकटून बसतात. चिठ्ठ्या लावू कशा? आज सकाळी मस्तपैकी पावडर भुरभुरली!"

"पावडर?" मावशी किंचाळली. "अहो, चिकटणं हेच तर त्यांचं काम!"

"अगं बाई!" म्हणत काका मटकन खुर्चीत बसले.

"मावशी, कडा छाटल्या की जुळतात. मी बघितलंय," भिंगरी म्हणाली. "आणि... मी ते सांगणारच नव्हते."

मावशीनं पंतोजीला जवळ ओढलं. "चुकले रे बाळा. घाल तो कोट. भिंगरी, तू छाट, हा जोडेल. चला, पटापट!"

पाहुण्यांसमोर पंतोजीनं तुकडे जोडले आणि अर्ध्या तासानं त्या जोडलेल्या पट्टीला वजन टांगलं. पट्टी ताणली गेली, लोंबली, पण तुटली नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आज घोटाळा झाला होता," मावशी पाहुण्यांना म्हणाली, "पण माझ्या या दोन्ही भाचरांनी लाज राखली!"

दोन्ही? भिंगरीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.

"दोन्ही नाही, आत्या," पंतोजी म्हणाला. "एकट्या ताईनं शोधलं. मी तर स्वतःलाच दोषी ठरवून मोकळा झालो होतो."

सगळे भिंगरीकडे वळले. भांडारकाकांनीसुद्धा "शाब्बास गं पोरी!" म्हणून पाठ थोपटली. सुट्टी लागल्यापासून हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

पण तिची नजर पंतोजीवर होती. किती सहज बोलून गेला होता तो! त्याच्या जागी आपल्याला हे जमलं असतं? छे! कोटाचं आता तिला काहीच वाटत नव्हतं. हेवा वाटला तो त्याच्या त्या एका वाक्याचा.