ओल्गाच्या कोठारावरून

त्या दुपारी मी माझ्या लेकीच्या, लिडियाच्या लग्नासाठी कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव करत होते. पीठ फुगून परातीबाहेर आलं होतं, आलुबुखारं रटरटत होती. लग्न दुसऱ्या दिवशी, आणि होणारा जावई क्लॅरन्स टपालाचं विमान उडवत ओमाहाहून आमच्या नॉर्थ प्लॅटला निघालेला.

तेव्हा वैमानिक रेल्वेचे रूळ बघत उडायचे. विमान डोक्यावरून गेलं, की आम्ही शेतकरणी फोनवर पुढच्या घराला कळवायचो. लाइन सगळ्यांची एकच. एकीनं बोलावं, सातजणींनी ऐकावं.

अचानक बर्फ सुरू झालं. अंगणातली पवनचक्की दिसेना, नुसतीच करकरू लागली. मी फोन उचलला.

"हेडविग, गेला का गं तुझ्यावरून?"

"नाही गं... कधीची कान देऊन बसलेय."

लिडियाचे हात पिठातच थांबले.

तेवढ्यात लाइनवर एक घोगरा आवाज आला. "माझ्या कोठारावरून गेला. रूळ सोडलेत त्यानं... टेकडीकडे चाललाय. मी वळवते त्याला. तुम्ही विमानतळाच्या मैदानावर आग पेटवायला सांगा, म्हणजे त्याला दिसेल."

 

"ही... ओल्गा?" हेडविग पुटपुटली.

ओल्गा नीलसनला आम्ही ऑक्टोबरात पुरलं होतं. तिच्या घराची फोनची तारसुद्धा काढून नेली होती.

मी विमानतळाला फोन लावला. "आग पेटवा!"

"कुणी कळवलं?"

"ओल्गा नीलसननं."

कारकून नवा होता. त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं त्याचाच फोन. "उतरला!" सातजणी एकदम किंचाळल्या. लिडियानं पिठाच्या हातांनी मला गरागरा फिरवलं.

संध्याकाळी क्लॅरन्स आला. नाक लालभडक, तोंडात कोलाचा.

"सासूबाई, शेतात एक म्हातारी लाल घोंगडी हलवत होती. तिच्यामुळे वळलो. तिच्यामागे चौघे, आमच्यासारखे कातडी कोट घातलेले. एक तर हुबेहूब एल्मर, मागच्या हिवाळ्यात त्याच टेकडीवर आदळला तो. मला बघून ते जरा सरकले... मध्ये एका माणसाची जागा केली."

"मग?" लिडियानं त्याचा हात घट्ट धरला.

"मग काय? मी ओरडलो, 'उद्या लग्न आहे माझं!' म्हातारी खो खो हसली."

आम्हीही हसलो. त्यानं पाचवा कोलाचा उचलला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"मागे वळून बघितलं तर ते तसेच उभे. जागा ठेवून."